पान चूप होईस्तोवर

साकोलीच्या पुढं, नहराच्या पुलाशी डांबर संपतं
आणि मी हेल्मेट काढून हँडलला अडकवते.
नियम मोडायचा म्हणून नाही.
इथून वास सुरू होतो.

आधी गोवरीचा, कुणाच्याही घरचा.
मग बाभळीच्या निखाऱ्याचा.
मग तो तिसरा, ज्याला अकरा वर्षांत मला नाव देता आलं नाही:
ओलं पळसपान करपता करपता
आतल्या मरळीची चरबी पिऊन घेतं, तेव्हाचा.

चिखलाबोडीच्या पाळीवर, करंजाखाली
चार बल्ल्या, वर धानाचं तणस,
आणि एक बाक, आमच्याच उपकेंद्राचा,
पाय मोडला म्हणून निर्लेखित केलेला.
बोर्ड होता एकदा. नातवानं गेरूनं लिहिलेला,
'फुलवंता भोजनालय'.
पहिल्याच झडीत मधलं 'भोजना' वाहून गेलं,
'फुलवंता लय' उरलं.
लोक म्हणाले, राहू दे, बरोबर आहे.

लसीकरणाच्या दिवशी थंड पेटी खांद्याला लावून
अठरा रडकी पोरं निपटून
तीन वाजता मी इथं यायचे.
काय देऊ, असं फुलवंताबाईंनी कधी विचारलं नाही.
ते तलाव ठरवायचा.
कधी मरळ, कधी बोटरी, कधी नुसतं वांगं:
"आज तराव उपाशी हाये वो बाई."
वांग्यालाही तोच मान,
तेच मिरची-लसणाचं वाटण, भाजलेला जवस,
दोन पानांची तीच घडी, अंबाडीचा तोच दोरा.

मग बदली झाली, देवरीला.
आज दीड वर्षानं आले.

बाक तोच, पायाखालची वीट नवी.
दोन ट्रॅक्टरवाले, एक पोस्टमन,
आणि नुकतं जमलेलं असावं असं एक जोडपं,
एकमेकांकडे न बघता काटे काढणारं.

बाईंनी पुडी निखाऱ्यावर ठेवली
आणि वाकून कान खाली नेला,
पोटुशीच्या पोटावर नळी ठेवून
मी नेते तसा.

"हे काय नवीन?"
"वास गेला ना वो. त्या तापात गेला, आलाच नाही."
"मग समजतं कसं?"
"पान बोलते. चरचर करते तवर कच्ची.
मंग कुरकुरते, बुढ्यावानी.
मंग चूप होते. चूप झालं का उतरवाचं."

दीड वर्ष.
किती जण जेवून गेले, कुणाला कळलं नाही.
मीठ तेवढं नातू चाखतो, शाळा सुटली की.

मी तपासणीला आल्यासारखी चूक शोधत खाल्लं.
काटे सापडले.

हात पुसत ती जवळ येऊन बसली.
"सांग ना वो, कसा येते?"
"काय?"
"वास."

ताप, वजन, रक्तदाब,
इतके रकाने भरले मी; हा कुठंच नव्हता.
म्हटलं, चांगला येतो.
"चांगला तं फिनाईलचाबी येते."

पोस्टमन म्हणाला, उन्हातून खेळून आलेल्या पोराच्या डोक्यासारखा.
ट्रॅक्टरवाला म्हणाला, नाही नाही,
रात्री बांधीवर जागलीला असतो ना, तेव्हा
लांबून कुणाच्या तरी आगीचा येतो, तसा.
दुसरा म्हणाला, हा भुकेलाच आहे, याचं ऐकू नका.
मग ती मुलगी, पहिल्यांदाच बोलली,
ताटात बघत:
आमच्या घरी भांडण झालं की दोन दिवस चूल नुसती भातापुरती पेटते.
तिसऱ्या दिवशी आई काहीतरी भाजायला घेते.
तसा.

तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं मान वर केली.
फुलवंताबाई म्हणाल्या, "हा. त्योच. त्योच होता."
आणि बराच वेळ तलावाकडे बघत राहिल्या,
नाकपुड्या जरा फुलवून.

मग एकदम उठल्या. "अवो!"
निखाऱ्यावरची पुडी कधीचीच चूप झालेली.
आम्हा सगळ्यांना नाकं होती,
पण आम्ही बोलत होतो.

दोरा तोडला. एका अंगानं काळी पडली होती मासोरी.
मी ताट पुढं केलं.
"राहू दे," तिनं पान स्वतःकडे ओढलं,
"हे मी खातो."